पाडव्याआधी फेडलेली गाडी

आमच्या घरात मी कामं वेळेवर करते आणि नवरा वेळेआधी. या दोन्हींत फरक आहे, हे मला लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात कळलं. कुंभार पिंपळगावला एका लग्नाला आम्ही इतके लवकर पोचलो की मांडववाल्यानं ह्यांच्या हातात दोरीचं टोक दिलं आणि "जरा ताणून धरा" म्हणाला. ह्यांनी धरलं. नवरीच्या मामानं आम्हाला मांडववाल्याचीच माणसं समजून बाजूला बसवलं आणि चहा पाजला. जेवणाच्या वेळी त्यानं आम्हाला पाहुण्यांच्या पंगतीत बघितलं तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

नवरा गणिताचा शिक्षक. केदारखेड्याच्या बाजूच्या एका शाळेत शिकवतो, जालन्याहून रोज जाऊन-येऊन. शाळेत, गल्लीत, भाजीवाल्याकडे ते 'सर' आहेत. मीही इथं त्यांना सरच म्हणते. नाव घ्यायची वेळ येत नाही आणि मान ठेवल्यासारखंही दिसतं.

सरांचा नियम असा की देणं अंगावर ठेवायचं नाही. विजेचं बिल ज्या दिवशी येतं त्याच दिवशी भरलं जातं. घरभाडं एक तारखेला द्यायचं ठरलेलं, पण सर अठ्ठावीस तारखेच्या संध्याकाळी धुतलेला शर्ट घालून ते घरमालकिणीला नेऊन द्यायचे. आणि या सगळ्यावर कळस म्हणजे पाडवा. सरांच्या वडिलांनी रीत घालून दिलेली आहे की गुढी उभी राहते त्या दिवशी घरावर कुणाचं देणं असता कामा नये. दुकानाची उधारी, वाचनालयाचं पुस्तक, शेजारचा स्क्रू-ड्रायव्हर, सगळं पाडव्याच्या आत परत. एका वर्षी शेजारणीची साखरेची वाटी राहून गेली होती. सर पाडव्याला दिवस उगवायच्या आत ती घेऊन तिच्या दारात उभे. त्या बाईनं दार उघडलं आणि आधी विचारलं, "कोण गेलं?"

माझं तसं नाही. मी बियाण्यांच्या एका कंपनीत मालाची आवक-जावक बघते. तिथं सगळं तारखेवर चालतं, आधी नाही आणि नंतरही नाही. घरातही मी तेच करते. फ्रिज हप्त्यावर घेतला, कपड्यांचं मशीन हप्त्यावर, घरघंटी हप्त्यावर. फ्रिजच्या दारावर यादी लावलेली असते; पगार झाला, पैसे कापले गेले की मी टिक करते. वस्तू आज घरात येते आणि महिन्याचा पगार एका दिवसात संपत नाही, इतका साधा हिशोब. सरांना तो कधीच पटला नाही. पाहुणे आले की थंड पाण्याची बाटली पुढं करताना म्हणायचे, "घ्या, बिनधास्त घ्या. ह्या बाटलीचा अजून हप्ता चालू हाय."

पाहुणे हसायचे. मीही हसायचे. घरघंटीवर दळलेल्या पिठाच्या भाकरी सर मागून मागून खायचे, तेव्हा हप्त्याची आठवण कुणाला नसायची.

आम्ही राहत होतो ते घर घरमालकीण खालांचं; सगळी गल्लीच त्यांना खाला, म्हणजे मावशी, म्हणते. पुढच्या बाजूला आम्ही, मागच्या दोन खोल्यांत खाला. त्यांचे मियाँ तहसिलात नोकरीला होते, ते गेल्यापासून त्या एकट्याच. कानाला कमी ऐकू येतं म्हणून मशीन लावतात. मशीनची एक छोटी डबी आहे, ती कायम उशाशी. ज्यांचं ऐकायचं त्यांच्यासाठी मशीन कानात आणि ज्यांचं ऐकायचं नाही त्यांच्यासाठी डबीत, असा त्यांचा कारभार. वर्गणीवाले आले की त्या डबीकडे बोट दाखवतात.

जालन्यात घर बघायला गेलेला माणूस भिंती नंतर बघतो, आधी पाण्याचं विचारतो. नळाला पाणी येईल तेव्हा येईल. खालांच्या अंगणातली बोअर मात्र मे महिन्यातही चालते. गल्लीतल्या बायका टँकरवाल्याला फोन लावत असतात तेव्हा माझ्या टाकीतून पाणी ओसंडत नसलं तरी नळाला धार असते. त्या बोअरच्या जिवावर मी अंगणात कढीपत्ता, लिंबू आणि एक मोसंबी लावली. मोसंबीला फळं कमी येतात, पण येतात. या शहरात दुसरीकडे भाड्यानं जायचं म्हणजे पुन्हा ड्रम, पुन्हा टँकर आणि पुन्हा घरमालकाची बोलणी. म्हणून त्या वर्षी संक्रांतीनंतर खालांनी आम्हा दोघांना मागच्या खोलीत बोलावून घेतलं आणि मशीन कानात घातलं, तेव्हाच मी ओळखलं की बोलणं घराचं आहे.

"सर, बेटी हैदराबाद बुला रई. मैं अब जाती. घर बेचना है."

सरांनी माझ्याकडे बघितलं.

"पहला हक तुम्हारा," त्या म्हणाल्या. "पन एक लोहेवाला है. नक्द देने कू तैयार बैठा. जमाई बोलते उसी कू दो. मैं बोली, अक्षय तृतीया तक रुको. उसके बाद वो मेरी सुनने वाले नहीं."

किंमत त्यांनी वाजवी सांगितली होती. लोहेवाला म्हणजे स्टीलचा व्यापारी, त्यानं थोडी जास्तच सांगितली असणार. ते खाला बोलल्या नाहीत आणि आम्ही विचारलं नाही. साठवलेले पैसे आणि घरकर्ज मिळून जमण्यासारखं होतं. मार्च संपला, बँकेची वर्षअखेर उरकली की पाडव्यानंतर सरांच्या नावानं अर्ज द्यायचा, असं ठरलं. मी यादी केली. पगाराच्या पावत्या, घराचे जुने कागद, फोटो, दोघांची ओळखपत्रं.

त्याच दिवसांत शाळेतल्या एका तरुण गुरुजींनी सरांच्या मोबाइलवर त्यांचा क्रेडिट स्कोअर काढून दिला. कर्ज घेतलं की ते आपण कसं फेडतो यावरून हे मार्क मिळतात, आणि बँका आधी ते मार्क बघतात, हे सरांना त्या दिवशी कळलं. मार्क चांगले होते. बँकेच्या कमी व्याजदरासाठी जी रेघ लागते तिच्या वर. सरांनी त्याचा फोटो लगेच शाळेच्या ग्रुपवर टाकला. एकानं अंगठा दाखवला, एकानं 'पार्टी?' लिहिलं, आणि मुख्याध्यापकांनी लिहिलं, 'पोषण आहाराचा तक्ता अजून आला नाही.'

ते मार्क मिळाले होते गाडीमुळे. रोजच्या जाण्या-येण्यात मोटारसायकलनं कंबर धरली म्हणून आदल्याच्या आदल्या दसऱ्याला आम्ही लहानशी गाडी घेतली होती. एरवी सरांना काही लागलं की शिक्षकांची पतसंस्था असायची. पगारातूनच कापून जायचं, कुणाच्या दारात जायला नको. त्या वर्षी पतसंस्थेत रांग मोठी होती. म्हणून शोरूममध्येच बसलेल्या फायनान्सवाल्याकडून कर्ज काढलं. सरांचं पतसंस्थेबाहेरचं हे पहिलं कर्ज. ते त्यांना बुटातल्या खड्यासारखं टोचत होतं.

"पाडव्याच्या आत गाडी मोकळी करून टाकतो," सर म्हणाले. "बँकेत जायचं तर कोऱ्या पाटीनं. आधीचं देणं घेऊन दुसरं मागायला गेलो, तर तो म्हणंल, ह्यो माणूस नुस्ता मागत सुटलाय."

मला ते बराबर वाटलं. कुणालाही वाटेल. यादीत 'घरकर्ज अर्ज' याच्या वर 'गाडी बंद' ही ओळ मीच लिहिली.

फायनान्सच्या कचेरीत आम्ही होळीच्या आधी गेलो. काउंटरवरचा माणूस आम्हाला बघून सावध झाला. तिथं माणसं दोनच कारणांनी जातात, हप्ता चुकला म्हणून किंवा चुकणार म्हणून.

"कर्ज बंद करायचंय," सर म्हणाले.

"काही अडचण आलीय का, सर?"

"अडचण काय? पैसे आणलेत."

त्यानं स्क्रीनवर बघितलं, मग सरांकडे बघितलं. "तुमचे हप्ते तर बराबर चालू हायेत. मुदत अर्ध्याच्या वर बाकी हाय. आत्ता बंद केलं तर वेगळा चार्ज बसंल."

"बसू द्या."

चार्ज भरला, कर्ज मिटलं. मी लगेच देणं शिल्लक नसल्याचा दाखला मागून घेतला आणि गाडीच्या आरसी बुकावरचा बोजा उतरवायचे कागदही. सरांनी पिशवीतून पेढ्यांचा बॉक्स काढला. तो माणूस बॉक्सकडे बघतच राहिला.

"सर, इथं लोक पैसे भरतात ते गाडी ओढून न्यायची वेळ आली म्हंजे. पेढे कुणी देत न्हाई."

"मंग खा की."

त्यानं दोन खाल्ले आणि दोन कागदात बांधून ठेवले. "वसुलीच्या पोरांना दाखवतो," म्हणाला, "न्हाईतर खोटं वाटंल त्यांना."

पाडवा दणक्यात झाला. गुढीला साखरेची गाठी बांधताना सर वडिलांच्या फोटोकडे बघून म्हणाले, "बिलकुल काही बाकी न्हाई." मी फ्रिजकडे बघितलं. घरघंटीचे हप्ते अजून चालू होते. पण ते माझ्या नावावर, आणि सरांच्या पाडव्यात माझे हप्ते कधीच धरलेले नसतात.

चार दिवसांनी आम्ही बँकेत गेलो. कर्जाच्या टेबलावर एक तरुण अधिकारी बाई होत्या, नुकत्याच बदली होऊन आलेल्या. कागद त्यांनी भराभर बघितले. माझी फाइल बघून "वा" म्हणाल्या. मग त्यांनी सरांचा स्कोअर काढला आणि स्क्रीन जरा जवळ ओढली.

"सर, हा जरा खाली आलाय."

"कसा येईल? जानेवारीत बघितला की. ग्रुपवर टाकलाय मी."

"तेव्हा असेल. आता आमच्या रेघेच्या थोडा खाली आहे. तुम्ही मध्यंतरी गाडीचं कर्ज बंद केलंत का?"

"केलं!" सर ताठ बसले. "पूर्ण फेडलं. वेळेआधी."

"तेच झालंय. तुमच्या नावावर नोंद असलेलं एकच खातं होतं. चालू होतं, दर महिन्याला हप्ता वेळेवर येत होता, म्हणून मार्क छान होते. आता चालू खातं एकही नाही."

"पण मी बुडवलं का? फेडलंय मी!"

"हो, सर. तशीच चांगली नोंद झालीय. 'बंद, बाकी काही नाही.' ती पुसली जात नाही, पुढंही तुमच्या उपयोगाची आहे. पण तुमचं सगळं रेकॉर्ड मिळून जेमतेम दीड वर्षाचं, आणि तेही संपलेलं."

"दीड वर्ष?" सरांचा आवाज चढला तशी शेजारच्या टेबलावरची माणसं वळली. "पतसंस्थेची कर्जं फेडली मी. वर्षानुवर्षं पगारातून कापून देऊन राह्यलो. एक हप्ता चुकला असंल तर दाखवा."

"ते मला दाखवताच येत नाही, सर. तुमची पतसंस्था ही माहिती पुढं कळवत नाही. तुम्ही तिथं कितीही चांगलं वागला असलात तरी इथं दिसत नाही."

सर माझ्याकडे वळले. "म्हंजे बघ. पोरानं पेपर वेळेआधी दिला म्हणून ह्यांनी मार्क कापले."

बाई हसल्या नाहीत. त्या बिचाऱ्या मनापासून समजावत होत्या. "पेपर चांगलाच होता, सर. पण तुम्ही अर्ध्या वेळात देऊन निघून गेलात. बँकेला बघायचं असतं की माणूस घंटा होईपर्यंत बाकावर बसतो का."

हे तर सरांच्याच तोंडचं वाक्य. परीक्षेला वर्गावर उभं राहून आयुष्यभर त्यांनी पोरांना हेच बजावलं आहे. झाला असला तरी उठायचं नाही, घंटा होऊ दे.

मार्क परत वर कधी येतील, ते मी विचारलं. काही महिन्यांत, बाई म्हणाल्या. एखादं लहानसं खातं चालू ठेवलं, वेळेवर भरलं, की येतात. घसरण मोठी नाही, दिवाळीच्या आसपास या. आत्ताच हवं असेल तर वरच्या दरानं देऊ. मी तिथंच हिशोब केला. दर वाढला की हप्ता वाढत होता, आणि आमच्या पगारात तो बसवायचा तर कर्जाची रक्कम कमी होत होती. खालांच्या किमतीला ती पुरत नव्हती. आणि दिवाळीपर्यंत थांबायला लोहेवाला काही आमचा पाव्हणा नव्हता.

उठताना बाईंनी मला सहज विचारलं, "मॅडम, तुमचा पगार कुठल्या खात्यात येतो?" मी सांगितलं. सर तोवर दाराबाहेर पोचले होते.

मी तिथून सरळ ऑफिसला गेले. आमच्याकडे ते दिवस बियाण्यांच्या गाड्या भरायचे असतात, श्वास घ्यायला वेळ नसतो. संध्याकाळी घरी आले तर सर पायरीवर बसलेले. चेहरा एकदम शांत. इतका शांत चेहरा मी फक्त बिल भरल्यावर बघितलेला आहे.

"काय केलं?" मी विचारलं.

"काय न्हाई. खालांना सांगून टाकलं."

"काय सांगून टाकलं?"

"की आपलं जमत न्हाई. लोहेवाल्याला द्या म्हणलं. उगं त्यांना अडकवून ठेवायचं कशाला? आज ना उद्या सांगायचंच होतं, आजच सांगितलं."

"अहो, अक्षय तृतीयेला अजून वेळ हाय!"

"म्हणूनच तर," सर म्हणाले.

मी पर्स पायरीवर टाकली आणि मागच्या खोलीकडे गेले. खाला मेथी निवडत बसल्या होत्या. मशीनची डबी उशाशी बंद. सर पायरीवरच होते, त्यांना ऐकू जायला नको होतं. अगदी हळू विचारलं, "खाला, सर आल्ते का?"

"हौ, आए ना. बैठे, पानी पिए, कुछ तो बोल रए थे." खालांनी मेथीची काडी बाजूला टाकली. "मशीन डिब्बी में थी मेरी. सर का मूँ हिलता रा, मैं गर्दन हिलाती रई."

मी त्यांच्या कानाकडे बघितलं. मशीन त्यांच्या कानातच होतं. पदराच्या कडेनं दिसत होतं, आणि माझा तो हळू प्रश्न त्यांनी एका दमात ऐकला होता.

"सर कू बोल, जो बोलना है अक्षय तृतीया कू बोलना. उसके पहले मेरे कू कुछ सुनाई नहीं देता." मग त्या जरा वैतागूनच म्हणाल्या, "किराया भी ऐसाइच. पहली का अठ्ठाईस कू लाके देते. मेरे हाथ में पैसे टिकते क्या? महीना लगने के पहले खर्चा हो जाता. इत्ते साल बोली नहीं, सर कू बुरा लगेगा करके."

मी जुडीतली निम्मी मेथी माझ्याकडे ओढून घेतली. निवडता निवडता बँकेतल्या बाईंचा तो शेवटचा प्रश्न मला आठवला. पगार माझाही होता, आणि अर्ज माझ्या नावानंही करता आला असता.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी एकटीच बँकेत गेले, माझ्या पगाराच्या पावत्या घेऊन. बाईंनी माझा स्कोअर काढला आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली.

"मॅडम, हे सगळं तुमचं?"

मी यादी वाचली. फ्रिज. कपड्यांचं मशीन. मोबाइल. घरघंटी. शिवाय एक कार्ड, ज्यावर मी महिन्याचा किराणा घेते आणि बिल आलं की पूर्ण भरते. एक संपलं की दुसरं, काही ना काही कायम चालू, आणि सगळं तारखेवर. घरघंटीचं नाव त्या स्क्रीनवर बघून मला उगाच संकोच वाटला. कुणी आपल्या स्वयंपाकघरात डोकावून गेल्यासारखा.

"रेघेच्या बऱ्याच वर आहात," बाई म्हणाल्या. "अर्जात तुमचं नाव पहिलं टाकू, सरांचं दुसरं. आमच्याकडे दर पहिल्या अर्जदाराच्या स्कोअरवर ठरतो. दुसऱ्याचा ठीकठाक असला की चालतं, आणि सरांचा ठीकच आहे. बाईचं नाव पहिलं असलं की व्याजात थोडी सूटही आहे."

"माझा पगार सरांपेक्षा कमी हाय."

"पगार दोघांचा धरायचाय. आणि सरांनी गाडी मोकळी केलीय ना, म्हणून घराचा हप्ता त्यांच्या पगारात सहज बसतोय. तो हप्ता चालू असता तर इतकी रक्कम बसवणं अवघड होतं."

हे वाक्य मी पावतीच्या मागं लिहून घेतलं. घरी लागणार होतं.

संध्याकाळी ताटं वाढली, ठेचा ठेवला आणि सरांना सगळं सांगितलं. घर बायकोच्या नावानं आधी लागतंय याचं सरांना काहीच वाटलं नाही. त्या बाबतीत माणूस सरळ आहे. त्यांचा घास अडकला तो दुसरीकडेच.

"म्हंजे," सर फ्रिजकडे बघून म्हणाले, "ह्यानं घर घेतलं?"

"एकट्यानं न्हाई. घरघंटी पण हाय."

"आन् मी इतकी वर्षं देणं न ठेवता..."

"तुमच्यामुळं हप्ता बसला. बाईंनी सांगितलंय." मी पावती पुढं केली.

सरांनी चष्मा लावून ती वाचली. दोनदा वाचली. चेहऱ्यावर जरा रंग आला. "बघ. म्हंजे गाडी फेडली ते बराबरच होतं."

"बराबर होतं. घरकर्ज मंजूर झाल्यावर करायला पायजे होतं, इतकंच. थोडं उशिरा."

"उशिरा," सर म्हणाले, आणि अळणी भाजी चाखल्यासारखं तोंड केलं. मग उठून त्यांनी फ्रिजमधून पाण्याची बाटली काढली आणि हप्त्याबद्दल एक अक्षर न बोलता पाणी प्यायले.

कर्ज मंजूर झालं. बाईंनी सह्या घेताना सरांना समजावलं की पैसे आले की अधूनमधून जादा भरत जा, व्याज वाचतं. फक्त नवं कर्ज मागायच्या तोंडावर हातातलं चालू खातं बंद करून येऊ नका. आधी विचारा, मग बंद करा. सर मान डोलवत होते. नोंदणीच्या दिवशी आम्ही पोचलो तेव्हा कचेरीच्या फाटकाला कुलूप होतं आणि झाडणारी बाई आत पाणी मारत होती. खाला रिक्षातून निवांत आल्या, आम्हाला फाटकाबाहेर उभं बघून म्हणाल्या, "मेरे कू मालूम था." कागदावर सही करताना त्यांनी नावं वाचून घेतली. "बाई पहले, सर बाद में," त्या म्हणाल्या. "सर कू एक बार तो कहीं बाद में आने दो." अक्षय तृतीयेला त्यांनी लोहेवाल्याला फोन करून नाही म्हणून सांगितलं. तो रागावून बरंच काही बोलला म्हणे. कानात मशीन नव्हतं.

खाला हैदराबादला गेल्या. महिनाअखेर आली तशी अठ्ठावीस तारखेला संध्याकाळी सरांनी धुतलेला शर्ट घातला, केस विंचरले आणि अंगणात येऊन उभे राहिले. मागच्या खोल्यांना कुलूप. घराचा हप्ता पाच तारखेला बँक आपोआप कापून घेते, तिथं कुणाला काही नेऊन द्यायचं नसतं. सर थोडा वेळ मोसंबीला पाणी घालत राहिले, तिला त्याची गरज नसताना.

खरी पंचाईत पुढच्या पाडव्याला झाली. स्वतःच्या घरावर पहिली गुढी, आणि त्या घरावर वीस वर्षांचं कर्ज. सर आठ दिवस आधीपासून अस्वस्थ होते. एकदा तर त्यांनी विचारलं की या वर्षीपुरती गुढी शाळेत उभारली तर चालेल का.  पाडव्याच्या सकाळी उठून बघते तर अंगणात काठी उभी, तांब्या घासलेला, कडुलिंब आणलेला.

"कर्ज हाय की घरावर," मी म्हणाले.

"हाय. पण ते तुझ्या नावावर हाय, मी दुसरा," सर गाठी बांधत म्हणाले. "आन् रीत माझ्या बापाची हाय, तुझ्या बापाची न्हाई."

इतक्यात खालांचा फोन आला, पाडव्याची मुबारकबाद द्यायला. सरांनी फोन मोठ्या आवाजावर ठेवला. घर कसं आहे, बोअर चालू आहे का, मोसंबी लागली का, सगळं विचारून झालं. तेवढ्यात सरांना राहवलं नाही.

"खाला, पुढच्या पाडव्याच्या आत ह्याच्यातलं बरंच फेडून टाकायचा विचार करून राह्यलो. थोडी ओढाताण होईल, पण..."

"हॅलो? सर?" पलीकडून खाला जोरात म्हणाल्या. "कुछ सुनाई नहीं दे रा. मशीन डिब्बी में है मेरी."

सरांनी आणखी दोनदा ओरडून सांगितलं. खालांना काही ऐकू गेलं नाही. शेवटी सरांनी फोन माझ्या हातात दिला आणि ते गुढीला हार घालायला वळले.

मी अगदी हळू विचारलं, "खाला, तब्येत कशी हाय?"

"एकदम बढ़िया," त्या म्हणाल्या.